फिरत्या पात्यांचा पंखा, एक खाच आणि पेटंटची तपासणी: डिचोलीच्या वर्कशॉपातली वही

आमचं वर्कशॉप डिचोलीत. एकेकाळी खनिजाच्या बार्जेस आणि टिपरांची कामं एवढी असायची की लेथ रात्रीही थंड व्हायचं नाही. २०१८ साली खाणी बंद झाल्यावर होड्यांच्या कामाकडे वळलो. होडीच्या पंख्याचं (प्रोपेलरचं) पेटंट कसं मिळालं, त्याच्या खालच्या नोंदी वहीतून जवळजवळ जशाच्या तशा उतरवल्या आहेत. वहीतल्या शिव्या तेवढ्या गाळल्या.

१२ जून २०२२

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी सुरू आहे, ३१ जुलैपर्यंत होडी रिकामी. आतेभावाची (आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो) फायबरची इनबोर्ड (इंजिन आत बसवलेली) होडी मालीमच्या जेटीवर ओढून ठेवली आहे. दादाचं दुखणं सगळ्या होडीवाल्यांचंच आहे. पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, मोठा ठेवला तर जाळं ओढताना इंजिन काळा धूर ओकतं. लहान ठेवला तर मोकळी होडी पळवताना इंजिन नुसतं गरगरतं, वाट सरत नाही. पाती जागच्या जागी फिरवून पिच बदलता आला तर दोन्ही कामं एकाच पंख्यावर होतील.

ही कल्पना माझी नाही. मोठ्या जहाजांवर असे पंखे कित्येक वर्षांपासून आहेत. मला ते लहान होडीत, हाताच्या दांड्यावर, हायड्रॉलिकशिवाय आणि आमच्या खिशाला परवडेल असं हवंय.

३ जुलै २०२२

नऊ दिवस वाया. ४० मिलिमीटरचा स्टेनलेस शाफ्ट, आतून १६ मिलिमीटरचं भोक, लांबी पावणेदोन मीटर. लेथवर दोन्ही बाजूंनी ड्रिल मारलं. मधे गाठ पडली तेव्हा भोकं एकमेकांना तीन मिलिमीटरनं चुकली होती. दांडा तिथे अडकतो तो अडकतोच. शाफ्ट भंगारात, धातूचेच सहा हजार दोनशे गेले. नवा शाफ्ट घेऊन बेळगावला गन ड्रिलिंगला पाठवला, नऊ हजार आणि सहा दिवस. एवढं लांब भोक साध्या लेथवर मारायला जाऊ नका.

१४ ऑगस्ट २०२२

पहिली पाण्यातली चाचणी, मांडवी नदीत. शाफ्टच्या आतला दांडा पुढे-मागे सरकतो. त्याच्या टोकाच्या आडव्या तुकड्यात खाच आहे, आणि पात्याच्या बुडाच्या चकतीवरची पिन त्या खाचेत बसते. पिन मध्यापासून २४ मिलिमीटरवर आहे, दांडा एकूण १८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे पातं शून्यापासून दोन्ही बाजूंना साधारण २२ अंश वळतं. दांडा पूर्ण मागे ओढला आणि गिअर न बदलता होडी उलटी निघाली. दादानं हात जोडले.

जेटीवर पंचवीस-तीस माणसं जमली होती. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळी तो गावभर फिरला. मला बरंच वाटलं.

२२ सप्टेंबर २०२२

जुनी नायलॉनची दोरी पंख्यात गुंडाळली आणि आतला दांडा वाकला. आता असं काहीतरी पाहिजे की जोर जास्त आला की पाती आपोआप शून्यावर यावीत. दांड्यामागे वाटीसारख्या स्प्रिंग चकत्या एकावर एक बसवल्या आणि खाचेच्या टोकाला थोडा वाक दिला. पिन त्या वाकात बसली की पातं लॉक होतं, हातावर भार येत नाही. जोर वाढला की चकत्या दबतात, पिन वाकातून निसटते आणि पाती सपाट होतात.

वाक किती द्यायचा हाच प्रश्न. चार अंश दिला तर लाटेच्या धक्क्यानंच पिन निसटायची. बारा दिला तर निसटायचीच नाही. तीन वेळा दोरी मुद्दाम अडकवली, तिन्ही वेळा पिन तुटली. सात अंशांवर जमलं. तुटलेल्या पिना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवल्या, कारण ताई म्हणाली, "टाकू नको, प्रत्येकीवर तारीख लिही." ताई ड्राफ्टिंग करते. या कामातली सगळी ड्रॉइंग तिची आणि सात अंशांचा हिशेबही अर्धा तिचाच.

६ नोव्हेंबर २०२२

पेटंट करायचं ठरलं. आधी जुन्या पेटंटांचा शोध. आपल्या पेटंट ऑफिसची इनपास साइट फुकट आहे, युरोपची एस्पासनेटही. नुसतं 'बोट प्रोपेलर' टाकलं तर हजारो निघतात. पेटंटचे वर्ग असतात. पंख्याच्या पात्यांचा पिच बदलण्याचा वर्ग बी६३एच ३/००. हा आकडा मिळाल्यावर शोध ताळ्यावर आला. तीन रात्री बसलो. आतल्या दांड्यानं पाती फिरवणारे पंखे इतके निघाले की दुसऱ्या रात्री झोपताना वाटलं, सगळं झालेलंच आहे. वुडक्रॉफ्ट नावाच्या इंग्रजानं १८४४ मध्येच बदलत्या पिचच्या पंख्याचं पेटंट घेतलं होतं, आणि पुढे हाच गृहस्थ ब्रिटिश पेटंट कचेरीत मोठ्या हुद्द्यावर बसला. अशा माणसापुढे अर्ज ठेवायची वेळ आपल्यावर आली नाही, हे नशीब.

वाकलेली खाच मात्र कुठे दिसली नाही.

९ डिसेंबर २०२२

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरला, ऑनलाइन. गोवा मुंबई पेटंट ऑफिसच्या हद्दीत येतं. अर्जदार मी आणि ताई, दोघांचीही नावं शोधक म्हणून. व्यक्तीसाठी फी १,६०० रुपये. डिजिटल सहीचे वेगळे पैसे आणि ती चालू होईपर्यंत आठवडा गेला, तेव्हा ती आधी करून ठेवा. आजपासून बारा महिन्यांत पूर्ण अर्ज गेला नाही तर हा गेल्यातच जमा.

२० नोव्हेंबर २०२३

मुदतीला तीन आठवडे आहेत. मी लिहिलेला पूर्ण अर्ज ओळखीतून एका पेटंट एजंट बाईंना दाखवला. एजंट लागतोच असं नाही, पण मला घाम फुटला होता. त्यांचा पहिला प्रश्न खाचेबद्दल नव्हता.

"अर्जाआधी हे कुणाला दाखवलंत?"

मी व्हिडिओचं सांगितलं. बाई क्षणभर गप्प. मग विचारलं, "कुणाकडून ॲडव्हान्स घेतलात? बिल फाडलंत?" नाही घेतला. मालीमच्या एकानं पाच हजार पुढे केले होते, पण मीच म्हटलं आधी दादाची होडी नीट चालू दे. त्या पाच हजारांना नाही म्हटलं म्हणून वाचलो. पेटंट कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे अर्जाच्या आधीच्या एका वर्षात शोध लोकांसमोर चालवला असेल, तो केवळ योग्य चाचणीसाठी असेल आणि चाचणी उघड्यावर करणं भाग असेल, तर नवेपणा जात नाही. होडीचा पंखा बंद खोलीत कसा तपासणार? विक्रीचा मामला असता तर हा आधार मिळाला नसता. शिवाय व्हिडिओत फक्त होडी मागे जाताना दिसते, हबच्या (पाती ज्यात बसतात त्या मधल्या भागाच्या) आतलं काही नाही. तुम्ही मात्र अर्ज जाईपर्यंत जेटीवर मिरवू नका.

२ डिसेंबर २०२३

पाच दिवस शब्दांवर गेले. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो. मी विचार करतो मराठीत. आमच्याकडे खाच ती खाच. पिन सरकते तीही खाच, टोकाचा वाक तीही खाच, लिव्हर अडकतो तीही खाच. मी एका जागी स्लॉट लिहिलं, दुसरीकडे नॉच, तिसरीकडे ग्रूव्ह, जसं सुचेल तसं. ताईनं लाल पेन घेऊन निम्मं दुरुस्त केलं आणि कंटाळून सोडून दिलं.

तिनं हट्टानं एक गोष्ट मात्र घालायला लावली: चार, सात आणि बारा अंशांच्या चाचण्यांचा तक्ता. किती वेळा निसटली, किती वेळा तुटली. मी म्हटलं, "अगं, फसलेल्या गोष्टी कशाला दाखवायच्या?" ती म्हणाली, "मग सातच का, हे कसं सांगशील?" तक्ता पान १९ वर गेला. "वाक ५ ते १० अंशांचा, शक्यतो ७" हे एक वाक्यही.

४ डिसेंबर २०२३

पूर्ण अर्ज गेला. तीस पानांपुढे दर पानाला १६० रुपये, दहा दाव्यांपुढे (दावा म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारं कलम) दर दाव्याला ३२०. आमची ३७ पानं, १४ दावे, म्हणजे २,४०० जादा. बाई म्हणाल्या होत्या दावे कमी करा. मी ऐकलं नाही, वाटलं जितके जास्त तितकं कुंपण उंच.

अर्जदारांत एक जरी बाई असेल (सगळे अर्जदार व्यक्ती असतील तर), तर लवकर तपासणी मागता येते. ती मागितली, फॉर्म १८ए, ८,००० रुपये. त्यासाठी अर्ज आधी प्रसिद्ध व्हावा लागतो म्हणून फॉर्म ९, २,५०० रुपये. सरकारी फी आतापर्यंत १४,५००. ताईचं नाव फी वाचवायला किंवा घाईसाठी घातलेलं नाही, तिचं काम आहे म्हणून आहे. नुसतं नाव चढवू नका, शोधक कोण हे घोषणापत्रात लिहून द्यावं लागतं.

२९ डिसेंबर २०२३

शुक्रवारच्या पेटंट जर्नलमध्ये अर्ज आला. साध्या रांगेत हेच अठरा महिन्यांनी झालं असतं. दादानं प्रिंट काढून होडीच्या केबिनमध्ये चिकटवली. अजून काही मिळालेलं नाही हे त्याला समजावलं. पटलं नाही.

१८ मार्च २०२४

तपासणी अहवाल आला. पहिल्यांदा वाचल्यावर जेवण गेलं नाही.

तपासनिसानं दोन जुनी कागदपत्रं काढली, त्यांना डी१ आणि डी२ म्हणतात. डी१ मध्ये पोकळ शाफ्ट, आतला दांडा, खाचेत फिरणारी पिन, सगळं. म्हणजे दावा १ ते ९ जुनेच. डी२ एका दुसऱ्याच यंत्रातला जोर वाढला की सुटणारा स्प्रिंग क्लच. डी१ ला डी२ जोडलं की आमचे १० ते १४ दावेही कुठल्याही जाणकार माणसाला सुचतील असे, म्हणून शोधाची पायरी नाही. वर कलम ३(एफ): ओळखीची यंत्रं नुसती शेजारी ठेवली, प्रत्येक आपलं जुनंच काम करतं.

आणि मग शब्द. 'स्लॉट', 'नॉच' आणि 'ग्रूव्ह' एकच आहेत की तीन? 'मजबूत' म्हणजे किती? सारांश १५० शब्दांत हवा, आमचा २१०. दाव्यांत ड्रॉइंगचे आकडे नाहीत. बाकीच्या हरकती एका दुपारच्या कामाच्या होत्या. ही शब्दांची हरकत काढताना मात्र ३७ पानं तीनदा वाचावी लागली, कारण प्रत्येक जागी कोणती खाच म्हणायची होती ते आता मलाही पटकन सांगता येत नव्हतं.

उत्तराला सहा महिने. (नव्या लोकांसाठी: १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांना तपासणी मागायची मुदत ४८ ऐवजी ३१ महिने झाली आहे. जुन्या माणसाच्या सल्ल्यावर बसू नका.)

२ एप्रिल २०२४

मी तावातावानं आठ पानांचं उत्तर लिहिलं. आमचा पंखा किती चांगला, डिझेल किती वाचतं, दादा किती खूश. बाईंनी एका ओळीचा निरोप पाठवला: "यातलं काहीच दाव्यात नाही." दुपारभर चिडचिड झाली. संध्याकाळी पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं. माझ्या पहिल्या दाव्यात वाकलेल्या खाचेचा उल्लेखच नव्हता, ती थेट अकराव्या दाव्यात होती. जे मोठं कुंपण घातलं ते डी१ च्या जमिनीवर.

१९ ऑगस्ट २०२४

मधेच नवं संकट. सीझन सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि आग्वादजवळ वाळूच्या उथळ पट्ट्यावरून येताना पाती अडकली. हब उघडला तर खाचेच्या वाकात बारीक वाळू गच्च, ओल्या सिमेंटसारखी. ग्रीस काळं पडलेलं. वाकाच्या तळाशी दोन मिलिमीटरची एक तिरकी वाट कोरली, म्हणजे पिन फिरताना वाळू आपोआप बाहेर ढकलली जाईल. टेबलावर वाळूमिश्रित ग्रीस भरून दोनशे वेळा फिरवलं, अडकलं नाही.

फोन करून बाईंना म्हटलं, हे उत्तरात घालू या, हे तर डी१ मध्ये नक्कीच नाही. त्या म्हणाल्या, घालता येणार नाही. कलम ५९. दुरुस्तीत दावा कमी करता येतो, चूक सुधारता येते, खुलासा करता येतो. मूळ अर्जात जे नव्हतं ते नंतर आत येत नाही. "आणि ती नवी वाट अजून पाण्यात घालू नका." का, ते पुढे.

म्हणून दादाच्या होडीत परत जुनाच हब बसवला. दर आठवड्याला उघडून धुवायचा. दादाचे शब्द वहीत आहेत, इथे नाहीत.

११ सप्टेंबर २०२४

७ तारखेला चवथ. दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो आणि उत्तर घेऊन बसलो. १८ ची मुदत. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, चवथीच्या दिवसांत आमच्याकडे एजंटच काय, वायरमनही मिळत नाही.

१४ दावे ६ झाले. दावा १ आता असा: पोकळ शाफ्ट आणि दांडा हे ओळखीचं म्हणून आधीच्या भागात, आणि "याचं वैशिष्ट्य असं की" यानंतर टोकाला ५ ते १० अंशांचा वाक असलेला स्लॉट आणि त्यामागच्या स्प्रिंग चकत्या, दोन्ही एकत्र. सगळीकडे आता 'स्लॉट', लिव्हरच्या जागी 'नॉच', आणि 'ग्रूव्ह' हा शब्द हद्दपार. ३(एफ) ला उत्तर एवढंच दिलं: वाक नसेल तर चकत्या पिन धरून ठेवत नाहीत, चकत्या नसतील तर वाकातून पिन सुटत नाही, तुटते. दोन्ही एकमेकांवाचून काम करत नाहीत. पुरावा पान १९ चा तक्ता.

३ डिसेंबर २०२४

सुनावणी, व्हिडिओवर. सकाळी दहाला डिचोलीत वीज गेली. लॅपटॉप इन्व्हर्टरवर, मोबाइलचं नेट. ताई बोलणार, मी शेजारी श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन.

कंट्रोलरसाहेबांचा (अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांचा) एकच मुद्दा होता आणि तो त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. पिन निसटावी म्हणून कोन कमी-जास्त करून पाहणं हे कुठलाही मेकॅनिक करेल, त्यात शोध कोणता? मला राहवलं नाही. डब्यातली तुटलेली पिन काढून कॅमेऱ्यासमोर धरली. म्हटलं, "साहेब, बारा अंशांना ही अशी तुटते."

ते शांतपणे म्हणाले, "पिन बाजूला ठेवा. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या वर्णनात, कुठे आहे ते सांगा."

ताई म्हणाली, "पान १९, तक्ता दोन, ओळी सात ते नऊ." पलीकडे पान उलटल्याचा आवाज. मग तिनं सांगितलं की डी२ मध्ये स्प्रिंग एकटाच भार धरतो, म्हणून तो जाड लागतो आणि नेहमी दाबलेला राहतो. आमच्यात भार वाक धरतो, स्प्रिंग फक्त सुटकेला. डी२ वाचणारा माणूस स्प्रिंग जाड करेल, खाच वाकडी करणार नाही. बावीस मिनिटांत संपलं. लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्यायचं असतं, आम्ही १२ तारखेला दिलं. त्यात त्यांनी सुचवलं म्हणून दावा ४ सोडून दिला. वाईट वाटलं नाही, तो मलाही नीट कळत नव्हता.

२० जानेवारी २०२५

पेटंट मिळालं. मुदत वीस वर्षं, पण मोजायची ९ डिसेंबर २०२२ पासून, म्हणजे दोन वर्षं आधीच खर्ची. तिसऱ्या वर्षाची ८०० रुपये फी आतापर्यंत लागू झालेली, ती तीन महिन्यांत भरायची. ती विसरून पेटंट घालवणारेही आहेत म्हणे. सरकारी फी, बाईंची फी आणि डिजिटल सही मिळून खर्च ५८ हजारांच्या घरात. भंगारात गेलेले शाफ्ट, पिना आणि दोन हब यांचा हिशेब ताईनं वेगळ्या पानावर ठेवला आहे, तो मी अजून उघडलेला नाही.

२७ जानेवारी २०२५

वाळूच्या वाटेचा अर्ज. मूळ शोधातली सुधारणा असेल तर 'पेटंट ऑफ ॲडिशन' मागता येतं. त्याला वेगळी वार्षिक फी नाही, आणि आपल्याच मूळ पेटंटच्या तुलनेत शोधाची पायरी नाही असं म्हणून ते नाकारता येत नाही. पण गोष्ट नवी हवी, म्हणूनच ऑगस्टपासून तो हब कापडात गुंडाळून कपाटात. ॲडिशनचा अर्ज मूळ पेटंट मिळण्याआधीही करता आला असता, हे मला आज कळलं. बाईंना वाटलं मला ठाऊक आहे, मला वाटलं थांबायचंच असतं. पाच महिने दादानं हब धुतला तो या गैरसमजापोटी.

आज संध्याकाळी दादाचा फोन, "अरे, झालं का तुझं? वाळू खरवडून खरवडून माझी नखं गेली." सांगितलं, ड्रॉइंग तयार आहे, उद्या भरतो, परवा हब बसवू. ताई समोर बसून अर्ज तपासते आहे. पहिल्याच पानावर मी त्या वाटेला दोन ठिकाणी 'ग्रूव्ह' आणि एका ठिकाणी 'चॅनल' लिहिलंय. लाल पेन बाहेर आलं आहे.